आते सरळ बघू लागली

आते तुमच्याशी बोलायची तेव्हा तुमच्याकडे बघायची नाही. तुमच्या कानापलीकडच्या कॅलेंडरकडे, नाहीतर रस्त्यावरून चाललेल्या एखाद्या कुत्र्याकडे तोंड करून ती तुमची ख्यालीखुशाली विचारायची. नवख्या माणसाला वाटायचं, बाई भारीच शिष्ट. तेवढ्यात ती कॅलेंडरकडे बघतच म्हणायची, "शर्टाची गुंडी लाव रे. बायल घरात नाय काय?" आणि तुम्ही खाली बघितलंत तर गुंडी खरंच उघडी असायची.

हे असं बघणं तिला कसं लागलं ते मला ठाऊक आहे, कारण ते माझ्याच दुकानात उघडकीला आलं. मी चष्मेवाला. मालवणच्या बाजारात आमच्या अब्बांनी टाकलेलं छोटं दुकान मी चालवतो. नंबर काढतो, काचा घासतो, दांड्या बसवतो. मी डॉक्टर नाही, आणि डॉक्टर असल्याचा आवही आणत नाही. त्या तिरक्या बघण्यानं आतेचं माहेर तुटलं, आणि ते परत मिळवण्याच्या नादात तिचं जे झालं त्याबद्दल मी अजून कुणाला माफ केलेलं नाही. तेव्हा हे लिखाण गोड होणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आते बंदरावर मासळीचा लिलाव पुकारायची. खरं म्हणजे ती एकट्या संदेशची आते, तिच्या थोरल्या भावाच्या मुलाची. लहानपणी तो तिचा पदर धरून लिलावात उभा राहायचा आणि "आते, आते" करून तिला भंडावून सोडायचा. मासळीवाल्या बायकांनी ते ऐकलं आणि उचललं. मग सगळ्या बंदराचीच ती आते झाली. तिचा नवरा लग्नानंतर लवकरच वारला, मूलबाळ नव्हतं. भावानं आपल्या होडीच्या मासळीचा लिलाव तिच्या हाती दिला. बाई लिलाव पुकारते म्हणून लोक आधी हसले, पण हसणाऱ्यांनाही संध्याकाळी मासळी तिच्याकडूनच घ्यावी लागायची.

ज्यांनी आमच्याकडचा लिलाव पाहिलाय त्यांना सांगायला नको, पण तिथं बोली तोंडानं कमी आणि खुणांनी जास्त लागते. कुणी भुवई उडवते, कुणी पदर सावरते, कुणी नुसती मान हलवते. शेजारणीला पत्ता लागू नये असा सगळा मामला. आतेला तो पत्ता लागायचा. शेवटची बोली ती दोनदा म्हणायची आणि तिसऱ्या खेपेला काही न बोलता टोपलीवर पंजा ठेवायची. पंजा पडला की विषय संपला. "मासो डोळे बघान घेवचो, माणूस आवाज आयकान," असं तिचं एक ठरलेलं म्हणणं होतं. माझ्या दुकानाबद्दलही तिचं मत ठरलेलं होतं. "माशाक खंय चष्मो आसता?" म्हणायची आणि माझ्याच पैशाचा चहा प्यायची. बदल्यात रविवारी माझ्या घरी मोरी मासा पोचायचा, न सांगता.

मग तिचं सुताराशी भांडण झालं. घराला नवं दार बसवलं होतं. आतेचं म्हणणं, चौकट मधोमध वाकडी आहे. सुतारानं ओळंबा लावून दाखवला, परत परत लावून दाखवला. आते म्हणाली, "तुजो ओळंबोच वाकडो आसा!" ही गोष्ट बाजारात पसरली आणि लोक पोट धरून हसले. मला मात्र हसू येईना. ज्याला लटकवलेली दोरी वाकडी दिसते त्याची दोरी तपासायची नसते. मी तिला जबरदस्तीनं दुकानात बसवलं आणि चौकटी आखलेला कागद समोर धरला. एक डोळा झाक, मधल्या ठिपक्याकडे बघ, म्हटलं. ती म्हणाली, "खंयचो ठिपको? मधले चौकोन कोणी खाल्ल्यान?"

मग तोंड इकडेतिकडे फिरवून तिनं स्वतःच एक तपासणी केली. "इकबाल, तुज्या नाकार बघलंय तर तुजा तोंडच जाता. कानार बघलंय तर तू येतंस." कुणी शिकवलेलं नसताना तिनं त्या दिवसापासून माणसांच्या कानांकडे बघायला सुरुवात केली. लिलावातही तसंच. सरंग्याच्या टोपलीवर बोली लावणारी बाई डावीकडे असली की आते उजवीकडच्या होडीकडे बघायची, आणि बोली बरोबर पकडायची. "आतेक तोरो इलो," असं बायका म्हणू लागल्या. आतेला ते आवडायचं. आंधळी म्हणण्यापेक्षा तोरेवाली म्हटलेलं बरं, असं ती मला म्हणाली होती.

भावाबहिणीचं वाकडं आलं ते पर्ससीनवरून. यंत्राच्या मोठ्या बोटीनं जाळं टाकून माशांचा अख्खा थवा वेढायचा आणि उपसून न्यायचा. मागं किनाऱ्यावरच्या रापणवाल्यांच्या जाळ्यात शेवाळ. भावानं अशा एका बोटीत भागी घेतली. आतेनं बंदरावर सगळ्यांसमोर सांगितलं, "दादा, ह्या माशार मी हात ठेवूचंय नाय." भाऊ म्हणाला, "मगे माज्या घरात पाय ठेव नको." दोघंही एकाच आईची, दोघांचीही डोकी नारळासारखी. तिथून बोलणं बंद. संदेश मधल्या मधे दोन्हीकडे यायचा जायचा, एवढाच धागा राहिला होता.

आणि मग एका सकाळी भाऊ झोपेतून उठलाच नाही.

आते बंदरावरून अनवाणी धावत गेली. मी मागोमाग गेलो आणि अंगणात उभा राहिलो. उघड्या दारातून आतलं सगळं दिसत होतं. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या तोंडात घरची माणसं तुळशीच्या पानानं पाणी घालतात. शेवटचं तोंड बघणं असतं ते. आते गुडघ्यांवर बसली. पान तिनं भावाच्या ओठांशी नेलं. आणि ओठ नीट दिसावेत म्हणून, एक थेंबही बाहेर पडू नये म्हणून, तिनं आपलं तोंड भिंतीकडे फिरवलं.

थेंब पडला नाही. पण तो कोण बघतंय? घरभर बसलेल्या माणसांनी पाहिलं ते एवढंच की बहिणीनं भावाला पाणी दिलं ते तोंड फिरवून दिलं. मग कुणीतरी म्हणालं, "मेल्यार पण राग सोडल्यान नाय." वहिनी उठली आणि तिनं आतेचा हात बाजूला सारला. आते म्हणत होती, "वयनी, मी बघतंय गो, मी तेकाच बघतंय." भिंतीकडे बघत म्हणत होती.

नंतर मी संदेशला समजावायला गेलो. डोळ्याच्या मधोमध नजर गेलीय, कडेनं बघावं लागतं, म्हणून तोंड फिरतं, असं फोड करून सांगितलं. तो म्हणाला, "चाचा, तुमी चष्मेवाले. तुमका सगळ्यांच्याच डोळ्यांत कायतरी दिसता. वाळूत पडलेलो पेडवो हिका चलता चलता दिसता, नि माज्या बापसाचा तोंड दिसूक नाय?" आते खरंच काठीशिवाय चालायची, वाळूत चमकलेला मासा खरंच टिपायची. कडेची नजर शाबूत होती तिची. पूर्ण आंधळ्या माणसावर लोक दया करतात आणि चांगल्या डोळ्याच्या माणसावर विश्वास ठेवतात. अर्धी नजर गेलेल्या माणसाच्या वाट्याला फक्त संशय येतो. मी पालथ्या घड्यावर पाणी ओतून परत आलो.

त्या वर्षी गणपतीच्या चवथीला माहेरचं बोलावणं आलं नाही. मालवणी बाईला चवथीचं बोलावणं न येणं म्हणजे काय, हे मालवणी माणसालाच कळेल. आते न बोलावता गेली. संदेशनं तिला अंगणातच थांबवलं आणि चार माणसांसमोर सांगितलं, "डोळ्यांचाच आसा तर बरे करून ये. माज्या बाबांच्या फोटोकडे सरळ बघ. मगे ह्या घर तुजाच आसा." आते त्याच्या खांद्यापलीकडे बघत होती. पोराच्या डोळ्यांत पाणी आलेलं तिला तसं बघितल्यावरच दिसलं, असं ती मला नंतर म्हणाली. पण त्याला वाटलं, आताही ही आपल्याकडे बघत नाही.

मी तिला दूरच्या एका मोठ्या इस्पितळात घेऊन गेलो. डॉक्टरीण तरुण होती, पण घाईत नव्हती. तिनं चित्र काढून सांगितलं: डोळ्याच्या मागच्या पडद्याखाली एक पातळ थर असतो, तो पडद्याला पोसतो. वय झालं की कुणाकुणाचा हा थर मधोमध झिजतो आणि वरच्या बघणाऱ्या पेशी उपाशी मरतात. आते म्हणाली, "म्हणजे जाळ्याक मधी भोक. कडेन मासो गावता, मधसून जाता." डॉक्टरीण म्हणाली, "अगदी बरोबर, आजी." आतेनं लगेच म्हटलं, "मगे सांधा."

डॉक्टरणीनं तेही लपवलं नाही. नव्या पेशी वाढवून त्या पडद्याखाली बसवायचे प्रयोग जगात चालू आहेत, म्हणाली. मोजक्या माणसांवर, एका वेळी एकच डोळा, आणि तोही जास्त बिघडलेला. काहींना थोडं बरं दिसू लागलंय, काहींना काहीच फरक नाही. रोजचा उपचार म्हणून अजून कुणी छातीठोकपणे देऊ शकत नाही. "थांबा आजी. कडेची नजर आहे ती जपा. कुणी काही म्हणालं तरी ती पणाला लावू नका." परतीच्या एस.टी.त आते खिडकीकडे बघत, म्हणजे माझ्याकडे बघत, म्हणाली, "डॉक्टरीण बरी आसा. तिका खोटा बोलूक येणा नाय."

खोटं बोलता येणारी माणसंही जगात आहेत, आणि ती आपणहून दारात येतात. पुढच्या उन्हाळ्यात एका हॉलमध्ये शिबिर लागलं. बाहेर मोठ्या निळ्या डोळ्याचं बॅनर, आत सूटबूट घातलेला मधाळ माणूस. तुमच्याच शरीरातल्या पेशी, तुमच्याच डोळ्यांत. चिरफाड नाही, धोका नाही. सकाळी या, संध्याकाळी घरी. मी उठून विचारलं, "हा प्रयोग आहे का उपचार? आणि दोन्ही डोळे एकाच दिवशी कशासाठी?" तो हसून म्हणाला, "काका, तुमचं चष्म्याचं दुकान बंद पडेल म्हणून घाबरलात का?" सगळा हॉल हसला. आतेही हसली.

बाहेर आल्यावर मी तिच्याशी कडाडून भांडलो. ज्यांचे प्रयोग खरे असतात ते रोग्याकडून पैसे मागत नाहीत, आणि एका डोळ्याचं काय होतंय ते कळल्याशिवाय दुसऱ्याला बोट लावत नाहीत, एवढं तर मलाही माहीत होतं. ते सगळं मी तिला सांगितलं. ती ऐकून घेत होती, शेजारच्या माडाकडे तोंड करून. मग म्हणाली, "फुडे परत चवथ येता. डॉक्टरीण म्हणता थांब, तू म्हणतंस थांब. माजो दादा थांबलो? मी जातलंय तवां माज्या तोंडात पाणी घालूक तरी कोण येतला?" त्यांच्याच गाडीतून, आणखी तीनचार म्हाताऱ्यांबरोबर, मला न सांगता ती गेली. पैशांचं मी लिहीत नाही. जे गेलं त्यात पैसे सगळ्यात हलके होते.

परत आली ती खुशीत होती. "पोटाची चरबी काढल्यानी, तेच्यातसून बियाणा काढल्यानी, नि इंजेक्शनान डोळ्यांत घातल्यानी. जाळा सांधला म्हणतत." आठवडाही गेला नसेल, सकाळीच ती माझ्या दुकानात भिंत चाचपत आली. चाचपत आलेली मी तिला पहिल्यांदा पाहत होतो. "इकबाल, कडेसून काळोख येता रे."

मी त्या लोकांना फोन लावला. पेशी रुजायला वेळ लागतो, धीर धरा, असं एक मुलगी गोड आवाजात म्हणाली. मी धीर धरला नाही, तडक इस्पितळ गाठलं. डॉक्टरणीनं तपासलं, परत तपासलं. "दोन्ही डोळे? एकाच दिवशी?" एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. आत वण धरून पडदे ओढले गेले होते आणि सुटले होते. एका डोळ्यावर तिनं तातडीनं शस्त्रक्रिया केली, त्याचा उपयोग झाला नाही. दुसऱ्याला तेवढीही आशा नव्हती. जाळ्याला मधे भोक होतं म्हणून आते गेली होती; त्यांनी कडेचं जाळंही फाडून हातात दिलं. मी तक्रारी केल्या. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत हिंडलो. प्रत्येकानं चहा दिला.

आता आतेला बाजूला बघायचं कारणच उरलं नाही. आवाज समोरून आला की तोंड समोर. मी बोललो की ती थेट माझ्याकडे वळायची, डोळे उघडे, मान ताठ. इतकी वर्षं मी तिचा एक गाल आणि कानातली एक कुडी पाहत आलो होतो. तिचं तोंड किती देखणं आहे हे मला तेव्हा कळलं, आणि अंगावर काटा आला.

चवथीच्या आधी संदेश तिच्या दाराशी आला. आतेनं शहरात जाऊन डोळ्यांवर इलाज केला एवढं त्याच्या कानावर गेलं होतं. मी तिचं औषध घेऊन गेलेलो, मागच्या खोलीच्या दारात उभा होतो. त्यानं अंगणातूनच हाक मारली, "आते..." ती उंबऱ्यावर आली आणि हाकेच्या दिशेनं सरळ बघू लागली. तो पायरीशी थांबला. "आते, तू माज्याकडे बघतंस!" म्हणाला आणि हुंदके देऊन रडू लागला. मी सांगायला तिच्या मागे येऊन तोंड उघडलं. आतेनं मागं हात करून माझं मनगट धरलं आणि त्यात नखं रुतवली.

माहेरचं घर तिच्या पायांना पाठ होतं. उंबरा, खांब, तुळस, सगळं. चवथीला भाच्याच्या खांद्यावर हात टाकून ती गेली, मी मागोमाग. आतेनं भाच्याच्या खांद्यावर हात टाकला तर त्यात कुणाला काय वावगं दिसणार? वहिनीनं तिला मिठी मारली. संदेशनं भिंतीवरची बापाची तसबीर काढून तिच्या समोर धरली. "बघ." आते तिच्याकडे सरळ बघत राहिली. "दिसता?" तो म्हणाला. "दिसता रे. दादा हसता." तसबिरीतला भाऊ हसत नव्हता. बँकेसाठी काढलेल्या फोटोवरून ती मोठी केलेली होती आणि त्यात त्याचा चेहरा मॅनेजरवर चिडल्यासारखा होता. पण सगळे रडत होते. रडणाऱ्या माणसांना फोटो कोण दाखवणार? संदेशच्या मोबाईलवर दुसरं कुणीतरी हे सगळं टिपत होतं.

विसर्जनानंतरही त्यांनी तिला सोडलं नाही. "आता हयंच रव," म्हणाले. मी भेटायला गेलो तेव्हा ती ओटीवर बसून लसूण सोलत होती. ते काम हातांचं, डोळ्यांचं नाही. मी कुजबुजत म्हटलं, हे किती दिवस चालणार? ती म्हणाली, "गप रव. डोळे होते तवां म्हायार नाय होता. आता म्हायार आसा. दोनय खंय गावतत?" ही तिची चूक म्हणायची तर म्हणा. मी म्हणणार नाही.

तो मोबाईलवरचा तुकडा संदेशनं भोळेपणानं पाव्हण्यांत फिरवला, आणि आभार मानायला म्हणून त्या सूटबूटवाल्यांनाही पाठवला. त्यांनी त्याला संगीत लावलं. 'मालवणच्या आजींना दृष्टी परत मिळाली' असं खाली लिहून गावोगाव पोचवलं. त्यात आते सरळ तुमच्याकडे बघते आणि म्हणते, "दिसता रे." चोरांनी घर लुटावं आणि जाताना मालकाच्याच दारावर आपली पाटी लावावी, असा तो प्रकार होता.

एके दिवशी आरोंद्याहून एक म्हातारा बायकोबरोबर दुकानात आला. माझ्या कानाकडे बघत म्हणाला, "त्या मालवणच्या बाई खंय रवतत हो? आमी परवा इंजेक्शन घेवक जातंव. म्हटला, आधी तेंका बघान जावया." मी त्याच्यापुढे चौकटींचा कागद धरला. मधे भोक, कडा शाबूत. त्याला तिथंच बसायला सांगून मी आतेकडे गेलो आणि मोबाईलचं, म्हाताऱ्याचं, सगळं सांगितलं. तिला त्या फिरणाऱ्या तुकड्याची काही कल्पनाच नव्हती. लसणीवरचे तिचे हात थांबले.

"तो चलान इलो?" तिनं विचारलं.

"चलान इलो. बायकोच्या फुडे चलत होतो."

आत वहिनी भाकऱ्या थापत होती, तो आवाज ती ऐकत होती, असं मला वाटलं. मग उठली. "माका बंदरार ने."

लिलावाची वेळ होती. होड्या लागल्या होत्या, बायकांची गर्दी होती, संदेश बोटीवरून मासळी उतरवत होता. दुकानातून येताना म्हाताऱ्याला आणि त्याच्या बायकोलाही मी बरोबर घेतलं होतं. आते टोपल्यांच्या मधोमध उभी राहिली आणि तिनं आपला जुना आवाज काढला. भाऊ गेल्यापासून तिनं लिलाव पुकारला नव्हता; तो आवाज बंद होऊन दीड वर्ष झालं असेल. सगळं बंदर वळलं. "आयका गो! मोबायलात दिसता ती आते आंधळी आसा! माका कायच दिसणा नाय! हे डोळे तेनीच घालवल्यानी! कोणी जाव नको!" बोली असल्यासारखं तिनं ते दोनदा म्हटलं. तिसऱ्या खेपेला काही बोलली नाही. टोपलीवर ठेवायची तसा पंजा तिनं आपल्या डोळ्यांवर ठेवला.

संदेश हातातली पेटी टाकून आला. "गणपतीसमोर खोटा बोललंस? बाबांच्या फोटोसमोर?" आते आवाजाकडे सरळ वळली. "तुजो आवाज इलो थंय बघलंय, रे बाबा. ह्येच्यात खोटा काय?" तो म्हणाला, "सगळ्या बंदरार माजी शोभा केलंस." आणि निघून गेला. तिच्यावर चिडला का स्वतःवर, ते त्याला तरी कळलं असेल का, कोण जाणे. माझा मात्र राग तेव्हाही आवरला नाही. मी त्याच्या पाठीवर ओरडलो, "तिका दिसत होता तवां ती तुका बघूक म्हणान तोंड फिरवी, नि आता दिसणा नाय म्हणान तुज्याकडे बघता! समजला?" त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

आरोंद्याचा म्हातारा इंजेक्शनाला गेला नाही. अजून तो येतो, माझ्या कानाकडे बघून सलाम करतो, आणि मला बरं वाटतं. पण आसपासच्या गावांतून आणखी काही जण गेले. म्हातारी घरातल्या भांडणापायी तसं बोलली, मोबाईलमध्ये तर स्वतः बघताना दिसते, असं म्हणत गेले. संदेशनं तो तुकडा काढून टाकायला त्या लोकांना सांगितलं म्हणे. तो अजून फिरतोच आहे.

आते आपल्या घरी परत आली, त्या भांडणाच्या दाराच्या घरी. आल्या आल्या तिनं चौकटीवरून वरपासून खालपर्यंत तळवा फिरवला. "सुताराक सांग, चौकट सरळ आसा," म्हणाली. मी सुताराला सांगितलं. तो रडला. शेजारणी डबा द्यायच्या, मी संध्याकाळी जाऊन बसायचो. माहेरचं नाव तिनं परत काढलं नाही, आणि मीही नाही. एकदा फक्त म्हणाली, "इकबाल, जरा कडेक सरकान बस. समोर बसलंस काय माका तू दिसणस नाय." मी तिच्या उजव्या हाताला सरकून बसलो. दिसत तर मी तिला कुठूनच नव्हतो, पण त्या दिवसानंतर मी तिथंच बसत राहिलो.

यंदा शिमग्याच्या आधी ती गेली. बाहेरच्या खोलीत तिला निजवलं होतं, डोळे मिटलेले. बंदरावरच्या बायकांनी एकेक करून पाणी घातलं. मी दाराशी उभा होतो. सगळ्यात शेवटी संदेश आला. गुडघ्यांवर बसला, तुळशीचं पान हातात घेतलं, आणि भिंतीकडे तोंड फिरवून त्यानं आतेच्या तोंडात पाणी घातलं. थेंब हनुवटीवरून खाली ओघळला. कुणी काही बोललं नाही.

गाडीच्या लायसन्ससाठी गेल्याच महिन्यात तो माझ्याकडे डोळे तपासून घ्यायला आला होता. दोन्ही उत्तम आहेत.